कबुलीवर संपणारी रहस्यकथा

मराठीत रहस्यकथा आजही भरपूर लिहिली जाते. दिवाळी अंकांना ती लागते, ऑडिओ मालिकांना लागते, वेब मालिका लिहिणाऱ्यांना तर रोजच लागते. त्यातल्या कितीतरी कथा सुरुवातीला छान पकड घेतात. गाव नीट उभं राहतं, मयताच्या घरातले ताण जाणवतात, चार-पाच जणांवर संशय फिरत राहतो. मग शेवटचं प्रकरण येतं. इन्स्पेक्टर एकाला आत घेतो, दोन थोबाडीत देतो किंवा "आम्हाला सगळं कळलंय" एवढंच म्हणतो, आणि तो माणूस घडाघडा बोलायला लागतो. पुढची आठ-दहा पानं खुनी स्वतःच सांगतो: कधीपासून राग होता, हत्यार कुठून आणलं, दार आतून कसं लावलं. पुस्तक संपतं.

माझं म्हणणं असं की अशा पुस्तकात रहस्य सुटलेलंच नसतं. तपास करणाऱ्याने ते सोडवलेलं नसतं, वाचकाला सोडवायची संधी मिळालेली नसते, आणि लेखकानेही ते नीट रचलेलं नसतं. एक साधी परीक्षा घेऊन बघावी. खुन्याने तोंडातून चकार शब्द काढला नाही, वकिलाने सांगितल्याप्रमाणे शेवटपर्यंत गप्प बसला, असं धरून चालायचं. मग कथेत आलेल्या गोष्टींच्या जोरावर तोच खुनी ठरतो का? ठरत असेल तर कथानक पक्कं आहे. ठरत नसेल तर लेखकाने अजून लिहायला बसायला नको होतं. त्याची आखणीच पुरी झालेली नाही.

हा केवळ लेखनतंत्राचा मुद्दा असता तर तो लेखनाच्या कार्यशाळेत मांडून सोडून दिला असता. पण कबुलीवर संपणारी रहस्यकथा आपल्या कायद्याशी विसंगत आहे, आणि न्याय म्हणजे काय याबद्दलची लाखो वाचकांची समजूतही ती चुकीच्या बाजूला ढकलते. म्हणून तो चारचौघांत मांडायचा आहे.

भारतीय पुरावा कायदा १८७२ चा. त्याचं कलम २५ अगदी आखूड होतं: पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही. त्याआधीच्या १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही हे बंधन होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला, त्यातही ते कलम २३ मध्ये कायम आहे. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या मकोकासारख्या विशेष कायद्यात ठरावीक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली चालते, पण तो अपवाद. साध्या खुनाच्या खटल्यात, म्हणजे आपल्या नव्वद टक्के कादंबऱ्यांत जो असतो त्या खटल्यात, इन्स्पेक्टरसमोर केलेल्या त्या दहा पानी भाषणाची कोर्टात किंमत शून्य.

हे बंधन का घातलं गेलं, ते रहस्यकथा लिहिणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवं. पुरावा कायद्याचा मसुदा करणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी इंग्लंडच्या फौजदारी कायद्याचा इतिहास १८८३ साली प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी हिंदुस्थानातल्या एका अनुभवी अधिकाऱ्याचं म्हणणं नोंदवलं आहे. पोलीस कैद्यांचा छळ का करतात, या चर्चेत तो अधिकारी म्हणाला होता की त्यात आळसाचा भाग मोठा असतो. उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत आरामात बसून एखाद्या बिचाऱ्याच्या डोळ्यांत तिखट चोळणं फार सोयीचं पडतं.

दीडशे वर्षांपूर्वीचं हे वाक्य पोलिसांबद्दल आहे, पण ते मला कादंबरीकारांनाही तंतोतंत लागू पडतं असं वाटतं. पुरावा रचायचा म्हणजे लेखकाने उन्हात हिंडायचं असतं. ते टाळलं की शेवटी डोळ्यांत तिखट घालणारा इन्स्पेक्टर आणावाच लागतो. कथेतली मारझोड बहुतेक वेळा इन्स्पेक्टरच्या स्वभावातून आलेली नसते. लेखकाकडे दुसरा मार्ग उरलेला नसतो म्हणून ती येते.

याच कायद्यात एक बारीक खिडकी आहे आणि ती कथाकाराला फार उपयोगाची आहे. जुनं कलम २७, आता कलम २३ चं परंतुक. पोलीस कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंध असलेला भाग तेवढा पुराव्यात घेता येतो. समजा आरोपी म्हणाला, "ज्या कोयत्याने मी आबाला मारलं तो कोयता मी गोठ्यामागे कडब्याखाली लपवलाय." पंचांसमक्ष कडबा उचलला आणि कोयता निघाला. कोर्टासमोर "कोयता गोठ्यामागे कडब्याखाली लपवलाय" एवढं येईल. "ज्या कोयत्याने मी आबाला मारलं" हा भाग गळून पडेल. ब्रिटिश काळात शेवटचं अपील जिथे चाले त्या प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोटय्या खटल्यात ही मर्यादा आखून दिली आणि ती आजही पाळली जाते. म्हणजे कोयता कुठे आहे हे या माणसाला ठाऊक होतं, एवढंच सिद्ध झालं. तो त्याने ठेवला, की दुसऱ्याला ठेवताना बघितला? त्यावरचं रक्त कुणाचं? मूठ कुणाच्या हातात होती? हे सगळे प्रश्न उघडेच. अर्धं वाक्य हाती आलेलं, अर्धं कायद्याने पुसलेलं, आणि त्या अर्ध्या वाक्यावरून उरलेला रस्ता काढणारा तपास अधिकारी. रहस्यकथेला यापेक्षा चांगली जागा कोणती हवी?

"कथा आहे हो, कोर्टाचा निकाल थोडाच आहे," असं यावर नेहमी सांगितलं जातं. वाचक करमणुकीसाठी पुस्तक उघडतो हे खरंच आहे. पण करमणुकीतून समजुती घडतात हेही तितकंच खरं. पोलीस ठाण्याची पायरी आपल्यातले बहुतेक जण जन्मात चढत नाहीत. तपास कसा होतो, पुरावा कशाला म्हणतात, संशयित आणि गुन्हेगार यांत फरक काय, हे आपण शिकतो ते कथा, सिनेमे आणि मालिका यांतून. तिथे शंभरदा पाहिलेलं असतं की इन्स्पेक्टरला आतून माहीत असतं खुनी कोण आणि दोन फटके दिले की सत्य बाहेर पडतं. मग खऱ्या बातमीतही तेच खरं वाटू लागतं. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार संशयित पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. सिरपूरकर आयोगाचा अहवाल २०२२ च्या मे महिन्यात खुला झाला. संशयितांवर जीव घेण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या आणि पोलिसांनी सांगितलेली हकीकत विश्वास ठेवण्याजोगी नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. फुलं उधळणाऱ्या माणसांना पुरावा बघावासा वाटला नाही. त्याला एकटी रहस्यकथा जबाबदार आहे असा आरोप मी करणार नाही. पण पुरावा बघण्याची ओढ लावणारा साहित्यप्रकार आपल्याकडे हा एकच आहे, आणि त्यानेच ते काम सोडून दिलं तर ती सवय लागणार कुठून?

आपल्या परंपरेबद्दल इथे थोडं बोलायला हवं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली. झुंजार, काळापहाड, धनंजय यांनी दिवसाच्या भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांत एक अख्खी पिढी वाचती केली. पुढे गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर यांनी ती भूक सांभाळली. शिरवळकरांचा अमर विश्वास तर वकीलच होता. या लेखकांना नाक मुरडणाऱ्या समीक्षेने मराठीचं नुकसान केलं असं माझं ठाम मत आहे. पण त्या पुस्तकांतला मोठा हिस्सा साहसाचा होता. वेशांतर, पाठलाग, शेवटच्या क्षणी सुटका, हा त्यांचा जीव. साहसकथेत नायकाचं धाडस वाचकाला पुढे नेतं, तिथे पुराव्याची साखळी नसली तरी बिघडत नाही. घोटाळा पुढे झाला. मुखपृष्ठावर तपास आणि आत साहसाची हाताळणी, असं मिश्रण रूढ झालं, आणि तपासकथेची स्वतःची शिस्त मराठीत रुजायची राहून गेली.

ती शिस्त कशी दिसते, हे एका उदाहरणाने दाखवतो. उदाहरण माझं, रचलेलं.

निफाड तालुक्यातलं एक गाव. जानेवारी. महाराष्ट्रातलं सगळ्यात कमी तापमान अनेकदा निफाडला नोंदवलं जातं, त्यामुळे द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटलेल्या. अण्णा नावाचे सत्तरीतले गृहस्थ सकाळी त्यांच्या विहिरीजवळ मरून पडलेले सापडतात, डोक्याला मार. धाकट्या भावाशी, भाऊसाहेबांशी, जमिनीच्या वाटणीवरून वाद. भाऊसाहेब सांगतात, "त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. बाराला आली. मी खालच्या मळ्यात मोटर चालू करायला गेलो आणि दोनपर्यंत बाऱ्यावर होतो." शेजारचे दोघे सांगतात, हो, बारानंतर खालची मोटर चालू झाल्याचा आवाज आम्ही ऐकला. उपकेंद्रातल्या नोंदवहीतही त्या वाहिनीवर वीज सोडल्याची वेळ तीच. पंचवीस पानांत भाऊसाहेब संशयातून बाहेर.

पण मोटर चालू झाली म्हणजे भाऊसाहेब तिथे होते, हे कशावरून? शेतीपंपाच्या पेटीत ऑटो बसवलेला असला की लाईट आल्यावर मोटर आपोआप सुरू होते, माणूस घरी झोपलेला का असेना. ज्याच्या घरात शेती आहे त्याला हे सांगावं लागत नाही. पुण्याहून बदलून आलेल्या तरुण फौजदाराला ते सुचणार नाही.

आता लेखकाचं खरं काम सुरू होतं. ऑटोबद्दल शेवटच्या प्रकरणात कुणीतरी सांगून टाकलं तर ती वाचकाची फसवणूक. तो आधीच वाचकाच्या डोळ्यांसमोर यायला हवा, आणि तरीही त्याच्या मनात ठसता कामा नये. मी तो असा आणीन. खुनानंतर चौथ्या दिवशी फौजदार खालच्या मळ्यात पाहणीला जातो. एव्हाना पाळी बदलून दिवसाची लाईट आलेली आहे. अण्णांची विधवा बहीण बांधावर बसून बोलते आहे. हक्कसोड पत्रावर सही करायला तिच्यावर दबाव होता, हे ती आज पहिल्यांदाच तोंडाबाहेर काढते. बोलता बोलता तिचा गळा दाटतो. तेवढ्यात मोटर सुरू होते, पाईपमधून पाणी हिसके देत बाहेर पडतं आणि पाटावरच्या साळुंक्या उडतात. बहीण दचकते, डोळे पुसते, पुढे बोलू लागते. पेटीजवळ कुणीच नव्हतं. लेखकाने ते लपवलं नाही. पाटावर आणि बांधावर कोण कोण होतं हे त्याने दोन ओळी आधीच सांगितलेलं आहे. वाचकाचं सगळं लक्ष त्या बाईच्या सहीवर होतं. शंभर पानांनी फौजदाराला उलगडा होतो तेव्हा वाचक पानं मागे उलटतो आणि त्याला दिसतं की ही गोष्ट आपल्याही समोर घडली होती. तपासकथेचा सगळा आनंद या मागे उलटलेल्या पानांत आहे. खुन्याचं भाषण तो देऊ शकत नाही.

मात्र इथे थांबून लेखकाने स्वतःला विचारायला हवं: या खुणेने नक्की काय सिद्ध झालं? भाऊसाहेब खुनी ठरले का? मुळीच नाही. ते त्या वेळी मोटरजवळ होतेच असं म्हणता येत नाही, एवढंच ठरलं. ते खोटं बोलले असतील तर का, हा नवा प्रश्न उभा राहिला. माझ्या कथेत ते त्या रात्री बहिणीच्या दारात होते, सहीसाठी तिला धमकावत. बहीणही ते लपवते आहे, कारण तिला भावाची बदनामी नको. म्हणजे दोन माणसं खोटं बोलली, दोघांची कारणं खरी, आणि खुनाशी दोघांचाही संबंध नाही. संशयित पात्रांना संशयास्पद दिसायला लावणं सोपं आहे. प्रत्येकाला स्वतःचं, पटण्यासारखं, खुनाबाहेरचं खोटं देणं अवघड आहे. आखणीच्या वहीत सगळ्यात जास्त पानं यावर खर्च व्हावीत.

खुणेचा आवाका जितका असेल तितकाच मानायचा, ही शिस्त खऱ्या तपासाच्या इतिहासात फार सुंदर दिसते. १८९७ साली कोलकात्यात जगातला पहिला बोटांच्या ठशांचा विभाग सुरू झाला. त्याच्या वर्गीकरणाच्या कामात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा वाटा मोठा होता. त्याच सुमारास जलपाईगुडीकडच्या एका चहामळ्याचा व्यवस्थापक गळा चिरलेला सापडला. त्याच्या खोलीतल्या एका पंचांगावर रक्ताळलेला पुसट ठसा होता. तो काढून टाकलेल्या एका जुन्या नोकराच्या नोंदीतल्या ठशाशी जुळला. कादंबरीत इथे पडदा पडला असता. कोर्टाने मात्र त्याला चोरीसाठी शिक्षा दिली आणि खुनाच्या आरोपातून सोडलं. ठसा एवढंच सांगत होता की या माणसाचा हात रक्त सांडल्यावर त्या पंचांगाला लागला. सुरी कुणी चालवली, याबद्दल ठसा गप्प होता. जगात ठशांचं शास्त्र नवं नवं असताना, त्याचं कौतुक शिगेला असताना, एका न्यायाधीशाने त्या ठशाकडून त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त काही वदवून घेतलं नाही. मला हा निकाल कुठल्याही कल्पित गुप्तहेराच्या भाषणापेक्षा थरारक वाटतो.

रहस्यकथेची आखणी कशी करावी यावर परदेशी मार्गदर्शन पुष्कळ आहे. रोनाल्ड नॉक्स यांचे १९२९ चे दहा नियम प्रसिद्ध आहेत. गुन्हेगार कथेत लवकर यावा, तपास करणाऱ्याला मिळालेली खूण वाचकालाही मिळावी, वगैरे. चांगले आहेत, वाचावेत. पण माझ्या मते आखणीसाठी सगळ्यात नेमका मजकूर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने लिहून ठेवला आहे, आणि तोही महाराष्ट्रातून गेलेल्या खटल्यांत. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसेल तेव्हा निव्वळ परिस्थितीजन्य पुराव्यावर दोष कधी ठरवायचा, याची पाच सूत्रं १९८४ च्या शरद बिरधीचंद सारडा निकालात आहेत. न्यायालयाने त्यांना पंचशील म्हटलं आहे. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झालेली असावी. ती आरोपीच्या दोषाशीच जुळावी. ती निर्णायक स्वरूपाची असावी. दुसरी प्रत्येक शक्यता वगळली जावी. आणि साखळी इतकी पुरी असावी की आरोपी निर्दोष असल्याचा वाजवी निष्कर्ष काढायला जागाच राहू नये. त्या खटल्यात खालच्या दोन्ही न्यायालयांनी दोषी धरलेला आरोपी या कसोटीवर सुटला. त्याआधी १९७३ मध्ये शिवाजी साहेबराव बोबडे निकालात न्यायालयाने बजावलं होतं की 'असू शकेल' आणि 'असलाच पाहिजे' यांच्यातलं अंतर मोठं आहे.

ही पाच सूत्रं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत आणि कथानक त्यांच्यावर घासून बघावं. दुसरी प्रत्येक शक्यता वगळली जावी, हे चौथं सूत्र तर कादंबरीचा सांगाडाच आहे. संशयित पाच असतील तर पाचवा का, हे सांगून भागत नाही. उरलेले चौघे का नाहीत, तेही पानापानांतून दिसलं पाहिजे. यासाठी मी वहीत दोन वेगळ्या तारीखवाऱ्या ठेवायला सांगतो. एक घडलेल्या गोष्टींची: खुन्याने काय, कधी, कोणत्या क्रमाने केलं. दुसरी उघड होण्याची: वाचकाला काय, कोणत्या पानावर, कोणाच्या तोंडून कळलं. पहिली पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात घालू नये. शेवट आधी ठरवावा, हे एडगर ॲलन पो यांनी १८४६ सालच्या निबंधात सांगून ठेवलं आहे, आणि या प्रकारात त्याला पर्याय नाही. "मला लिहिता लिहिता कथा सुचते" असं म्हणणारे लेखक आहेत. त्यांनी तसं खुशाल लिहावं. पण पहिला खर्डा हीच त्यांची आखणी समजावी, आणि शेवट सापडल्यावर पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा लिहावं. बहुतेकांना हे दुसरं लेखन नकोसं होतं, आणि मग सुटकेला कबुली येते.

पुराव्याचा तपशील स्थानिक हवा, हे निफाडच्या उदाहरणात आलंच. त्यात आणखी एक गोष्ट. अण्णा त्याच रात्री का मेले? जमिनीच्या वादात खून झाला असं म्हणून लेखक मोकळे होतात, पण वाद वीस वर्षं चाललेला असतो. जमिनीच्या मालकीबदलाची फेरफार नोंद धरल्यावर तलाठी हितसंबंधितांना नोटीस काढतो आणि हरकत घ्यायला १५ दिवस असतात. हरकत आली की नोंद वादग्रस्त ठरते आणि सुनावणी लागते. अण्णा पंधराव्या दिवशी सकाळी हरकत द्यायला जाणार होते, हे ज्या कुणाला ठाऊक होतं, त्याच्यासाठी चौदावी रात्र शेवटची होती. हेतू जुना असला तरी तारीख अशी कागदावर सापडते. कागदावरची तारीख नाकारता येत नाही, आणि ती वाचकालाही तिसऱ्या प्रकरणातच सहज दाखवून ठेवता येते. सातबारा, हक्कसोड, पुनर्विकासाला दिलेली संमती, पतसंस्थेतली ठेव, अनुकंपा नोकरी: महाराष्ट्रातल्या माणसांच्या आयुष्याला वळण देणारे कागद हे आहेत. परदेशी कथांतून उचललेलं वादळातलं एकाकी घर आणि वकिलाने वाचलेलं मृत्युपत्र यांच्यामागे धावायचं कारण नाही. ॲगाथा ख्रिस्ती यांनी पहिल्या महायुद्धात टॉर्की गावच्या रुग्णालयातल्या औषधशाळेत काम केलं होतं, आणि १९२० च्या त्यांच्या पहिल्याच कादंबरीत ते विषांचं ज्ञान आलं. त्यांनी हाताशी होतं ते वापरलं. आपल्याकडची परिचारिका, वायरमन, तलाठी, बँकेतला कॅशियर यांच्या हाताशी काय काय आहे, ते अजून आपल्या कथांत उतरलेलंच नाही.

परदेशी वाचनातून उचललेलं विज्ञानही असंच तपासून घ्यावं. प्रेत थंड होण्याच्या वेगावरून मृत्यूची वेळ काढणारे डॉक्टर मराठी कथांतही दिसतात. शरीर थंड होतं ते भोवतालची हवा त्याहून थंड असते म्हणून. मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४५ च्या वर असताना दुपारी हा हिशोब लागू कसा होणार? निफाडच्या जानेवारीत ताठरता उशिरा येते, चंद्रपूरच्या मेमध्ये लवकर येते आणि लवकर ओसरते. "रात्री ११ वाजून २० मिनिटांनी मृत्यू" असं सांगणारा डॉक्टर कुठल्याच हवामानात खरा नाही. तो काही तासांचा पट्टा देतो, आणि त्या पट्ट्यातच कथाकाराला खेळायला जागा मिळते. व्हिसेरा, म्हणजे प्रेतातल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवला की सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, यायला वेळ लागतो. खुनाच्या गुन्ह्यात अटकेतल्या आरोपीविरुद्ध ९० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. या दोन मुदतींमधली ओढाताण एका कादंबरीला पुरेल इतका ताण देते, आणि तिच्यासाठी कुणाचा पाठलाग करावा लागत नाही. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर खुनासाठी भारतीय दंड संहितेचं कलम ३०२, नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचं १०३. नव्या प्रक्रियेत झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे, हेही कथेत यायला हवं, कारण त्या चित्रफितीत मागे उभा असलेला माणूस हीसुद्धा एक खूण आहे.

तपास कुणी करावा, या प्रश्नाचं मला सुचलेलं उत्तर इथे मांडून ठेवतो. आपल्याकडे खासगी गुप्तहेराला घटनास्थळी पाऊल टाकायचाही अधिकार नाही. म्हणून लेखक त्याला इन्स्पेक्टरचा मित्र करतात आणि इन्स्पेक्टर त्याला सगळं दाखवतो, जे पटत नाही. पण सामान्य माणसाला घटनास्थळी कायदेशीर जागा देणारी एक भूमिका आपल्या व्यवस्थेत आहे, ती म्हणजे पंच. रस्त्याने जाणाऱ्या निवृत्त मास्तरांना हवालदार थांबवतो, "गुरुजी, जरा सही लागेल." ते पंचनाम्याला उभे राहतात. कपाट किती इंच उघडं होतं, चपला कोणत्या दिशेला होत्या, दोरीवर किती कपडे वाळत होते, सगळं त्यांनी बघितलेलं असतं आणि त्याखाली त्यांची सही असते. वर्षभराने त्यांना कोर्टात साक्ष द्यायची असते. मधल्या काळात पंचनाम्यातली एक ओळ आपण बघितलं त्याच्याशी जुळत नाही, हे त्यांच्या लक्षात येतं. गावातले लोक सांगतात, "गुरुजी, कशाला भानगडीत पडता, फितूर व्हा आणि सुटा." या माणसाला तपास करायला भाग पाडणारी गोष्ट त्याच्या स्वतःच्या सहीतच आहे. मराठी रहस्यकथेला तिचा स्वतःचा नायक इथे मिळू शकतो.

हे सगळं करायला लेखकाला पोलीस ओळखीचे असण्याची गरज नाही. न्यायालयांचे निकाल संकेतस्थळांवर फुकट वाचायला मिळतात, सर्वोच्च न्यायालयाचे काही निकाल मराठी अनुवादातही आहेत. खुनाच्या अपिलातला एखादा निकाल घ्यावा. त्यात कोणत्या साक्षीदाराने काय बघितलं, पंच काय म्हणाला, डॉक्टर उलटतपासणीत कुठे अडकले, ते सगळं क्रमाने असतं. तालुका कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसलं तरी चालतं, खटले खुल्या न्यायालयात चालतात. संपादकांनीही आपला वाटा उचलावा. रहस्यकथा विशेषांकासाठी कथा मागवताना तिच्यासोबत एक पानभर टिपण मागावं: कोणती खूण, ती काय सिद्ध करते, वाचकाला कुठे दिसते, आणि उरलेले संशयित कशाने सुटतात. ज्या लेखकाला हे पान लिहिता येत नाही त्याची कथा परत पाठवावी. पहिल्या वर्षी अंक बारीक होईल, होऊ द्यावा.

आणि कबुली हवीच असेल तर तिचीही एक जागा आहे. दंडाधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली कायदा मानतो. पण त्याआधी दंडाधिकाऱ्याने त्या माणसाला सांगायचं असतं की तू कबुली द्यायला बांधील नाहीस, आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. मनावरचा दबाव उतरावा म्हणून त्याला विचार करायला अवधीही दिला जातो. हे सगळं ऐकून, तो अवधी घेऊन, एक माणूस शांतपणे म्हणतो, "हो, मी मारलं." ही कबुली पहिल्या प्रकरणात ठेवावी. तपास अधिकाऱ्याला ती खोटी वाटते, कारण त्याने सांगितलेल्या वेळी मोटर चालू होती आणि पेटीजवळ कुणी नव्हतं. तो कुणाला वाचवतो आहे, हे शोधण्यात पुढची तीनशे पानं जातील.